भूतवाड्यासमोर अडलेली गर्दी : कोल्हापूरजवळच्या एका हॅलोविन रात्रीचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या एका मनोरंजन उद्यानात शुक्रवारी रात्री आठ ते साडेआठ या अर्ध्या तासात काय घडलं, ते का घडलं आणि दुसऱ्या रात्री काय बदललं, याची ही नोंद आहे. कुणाला गंभीर इजा झाली नाही, आणि म्हणूनच ती लिहून ठेवणं मला जास्त गरजेचं वाटतं. माणसं दगावली की चौकशी बसते, अहवाल येतो. थोडक्यात निभावलं की दुसऱ्या दिवशी सगळे कामाला लागतात आणि विषय तिथेच मिटतो.

यात्रा आणि गणेशोत्सवातल्या गर्दीचं नियोजन हे माझं काम. शनिवारी सकाळी व्यवस्थापनाने मला बोलावलं. नियंत्रण कक्षाची नोंदवही, सीसीटीव्हीचं चित्रण आणि त्या रात्री जागेवर असलेल्या माणसांशी झालेलं बोलणं, यावर हे लिखाण उभं आहे. उद्यानाचं आणि माणसांची नावं घेतलेली नाहीत.

उद्यान आणि कार्यक्रम

हे उद्यान उन्हाळ्यात पाण्याच्या खेळांवर चालतं. पावसाळ्यात ओस पडतं आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जागं होतं. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन म्हणजे ख्रिस्ती कॅलेंडरातल्या ऑल सेंट्स डेची आदली संध्याकाळ. त्याची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या साउइन (Samhain) या जुन्या सणात सांगतात. थीम पार्कांनी त्याचा मोठा हंगाम केला तो अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ साली सुरुवात केली आणि पुढे बाकीचे त्याच वाटेने गेले. आपल्याकडे तो आता मॉलमधून आणि मोबाइलमधून आलाय.

कोल्हापूरच्या या मंडळींनी मात्र एक फार चांगली गोष्ट केली होती. ड्रॅक्युला आणि भोपळे बाजूला ठेवून त्यांनी आपली भुतं आणली : वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, चकवा. कलाकार पेठांमधल्या मंडळांचे होते, गणपतीत सजीव देखाव्यांत वर्षानुवर्षं काम केलेले. अंगात येणं, उतारा, करणी यातलं काहीही कार्यक्रमात घ्यायचं नाही, असंही त्यांनी आधीच ठरवलं होतं. गर्दीतल्या एखाद्या आजीला ते खरंच वाटलं आणि ती कोसळली, तर तिला सावरायचं की तिच्याकडे बघून टाळ्या वाजवायच्या, हे कुणालाच कळणार नाही. हा विचार करणाऱ्या माणसाला गर्दी कळते, असं मी म्हणेन.

मोकळ्या हिरवळीला लागून रंगमंच होता. तिथे सव्वासात ते आठ ‘वेताळाचा दरबार’ हा खेळ. रंगमंचापासून निघणारा फरसबंद रस्ता भूतवाड्याच्या दारापर्यंत जात होता, साधारण पंचेचाळीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद. त्याच्या एका बाजूला खाण्याचे स्टॉल : कांदाभजी, भेळ, भाजलेली कणसं. भूतवाड्यातून बाहेर पडणाऱ्यांची वाटही याच रस्त्यावर उघडत होती. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं.

कागदावरचं गणित

भूतवाड्यात आठ-आठ जणांचा गट दर दीड मिनिटाला सोडत होते. यापेक्षा घाई केली तर मागच्या गटाला पुढच्याच्या पाठी दिसतात आणि भीतीच उरत नाही. म्हणजे तासाला चाळीस गट, तीनशे वीस माणसं. मिनिटाला पाच किंवा सहा.

लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं स्पष्ट आहे, आणि बारापर्यंतची सवलत फक्त शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांना मिळते. म्हणून भूतवाडाही दहालाच बंद होणार होता. आठ ते दहा या दोन तासांत आत जाऊ शकणारी माणसं सहाशे चाळीस. आठ वाजता रांगेत अडीचशेच्या आसपास लोक आधीच उभे होते. हिरवळीवर खेळ बघायला बसलेले अंदाजे बाराशे. म्हणजे त्या बाराशेतल्या आठशेजणांना भूतवाडा दिसणारच नव्हता, आणि तिकीट प्रत्येकाच्या हातात होतं.

आता रस्त्याकडे बघू. सपाट जागेवर चालत्या गर्दीची वाहतूक एक मीटर रुंदीमागे मिनिटाला ऐंशीच्या आसपास धरतात. ब्रिटनमध्ये क्रीडामैदानांसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात हा आकडा ८२ आहे. चार मीटरच्या रस्त्यावरून मिनिटाला तीनशेहून जास्त माणसं सहज येऊ शकतात. एका टोकाने तीनशे आत घेणारा रस्ता आणि दुसऱ्या टोकाला पाच-सहा सोडणारं दार. मधली एकशेऐंशी चौरस मीटर जागा भरायला कितीसा वेळ लागणार? चौरस मीटरमागे चार माणसं झाली की गर्दी थांबत थांबत सरकते. पाचच्या पुढे गेलं की कोण कुठे जाणार हे माणसाच्या हातात राहत नाही, अंगाला अंग लागून सगळे एकत्र हलायला लागतात. इथे तो आकडा नऊशे होता, स्टॉलची टेबलं जमेस न धरता.

हे गणित दुपारच्या चहाला बसून करता येण्यासारखं होतं. केलं नाही, कारण खेळाचं वेळापत्रक एकाकडे होतं आणि रांगेचा हिशेब दुसऱ्याकडे. दिग्दर्शक मास्तर आणि सुरक्षा प्रमुख, दोघेही आपापल्या कामात पक्के, पण एका टेबलावर कधी बसले नव्हते. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

आठ वाजता

खेळ झकास रंगला. शेवटी हलगीचा कडकडाट झाला, वेताळ अंधारात गेला, दिवे लागले आणि निवेदकाने माईकवर म्हटलं, “दरबार संपला मंडळी! आता खरा थरार! चला समदी भूतवाड्याकडं!”

लोक उठले आणि निघाले. त्यांना तसंच सांगितलं होतं.

८ वाजून ३ मिनिटांच्या चित्रणात रस्ता भरलेला दिसतो, पण माणसं हसतायत, फोटो काढतायत. ८ वाजून ५ मिनिटांनी स्टॉलसमोर गाठ पडली. तिथे टेबलं पुढे ओढून मांडली होती, त्यामुळे रस्ता अडीच मीटरच उरला होता. त्याच वेळी भूतवाड्यातला एकेक गट बाहेर येत होता. आतल्या शेवटच्या प्रसंगात खवीस झालेला नट साखळी काढलेलं लाकूड कापायचं मशीन घरघरवत मागे लागायचा आणि लोक किंचाळत बाहेर पळायचे. एरवी त्या प्रसंगाला सगळ्यांत जास्त टाळ्या होत्या. आता ते पळणारे लोक सरळ समोरून येणाऱ्या गर्दीच्या छातीवर आदळत होते.

रांगेच्या वळणावर कॉलेजात शिकणारी एक स्वयंसेविका स्टुलावर उभी होती. ८ वाजून ७ मिनिटांनी तिने वॉकी-टॉकीवर सांगितलं ते नोंदवहीत जसंच्या तसं आहे : “साहेब, मागनं रेटा यायला लागलाय. पुढची थांबल्यात, पण मागच्यांना काय दिसंना झालंय. बायकांनी पोरं डोक्यावर घेतल्यात.”

हे तीन वाक्यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. पोरं वर उचलली जाणं हे गर्दी घट्ट झाल्याचं सगळ्यांत आधी दिसणारं लक्षण आहे. त्यानंतर लोक हात छातीसमोर धरतात आणि बोलणं बंद होतं. तिच्यापुढच्या भागात ते बंद व्हायला लागलं होतं.

सोल शहरात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री, हॅलोविनच्याच गर्दीत, इटेवॉनमधल्या सव्वातीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत १५९ जीव गेले. कुणी आग लावली नव्हती, कुणी अफवा पसरवली नव्हती. दोन्हीकडून माणसं येत राहिली, एवढंच. आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. साताऱ्याजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून जास्त भाविक गेले, आणि मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी २३ प्रवासी. अशा गर्दीत माणूस पायाखाली येऊनच मरतो असं नाही. पुष्कळांचा श्वास उभ्या उभ्या बंद होतो, कारण छाती फुगायला जागाच राहत नाही.

पहिला उपाय चुकीचा आणि दुसरा बरोबर

दारावरच्या बाउन्सरांनी केलं ते बहुतेक ठिकाणी होतं तेच. दार बंद केलं आणि ओरडायला लागले, “मागं सरा! मागं सरा!” पुढच्या माणसाला मागे सरायला जागा कुठली? त्याच्या पाठीवर बाराशेंचा रेटा होता. दार बंद झाल्याने मिनिटाला पाच-सहा सुटत होते तेही थांबले.

सुरक्षा प्रमुख हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी तीन मिनिटांत हा हुकूम फिरवला, आणि इथून पुढचं प्रत्येक पाऊल अभ्यासण्यासारखं आहे. ते दाराकडे गेले नाहीत. उलट दिशेने, रंगमंचाकडे गेले आणि मास्तरांना म्हणाले, “मास्तर, तुमची हलगी परत सुरू करा. आत्ताच्या आत्ता. मला माणसं मागं पाहिजेत.”

मास्तरांनी कारण विचारलं नाही. हलगी, घुमकं, कैताळ घेऊन पोरं रंगमंचावर नव्हे, तर हिरवळीच्या पलीकडच्या कडेला, गर्दीच्या शेपटापासून सगळ्यांत लांब उभी राहिली आणि वाजवायला लागली. कोल्हापुरात हलगी कडाडली आणि मान वळली नाही असं होत नाही. चित्रणात दिसतं : शेवटच्या रांगांमधली माणसं आधी मागे वळून बघतात, मग चार पावलं टाकतात, मग पोरंबाळं घेऊन चालायला लागतात. रेटा मागून सुटला. पुढे उभ्या असलेल्या कुणालाही काही सांगावं लागलं नाही.

तोवर निवेदकाला सुभेदारांनी काय बोलायचं ते सांगितलं होतं, पण त्याने ते आपल्या भाषेत म्हटलं, आणि बरं झालं : “मंडळी, खरं सांगतो. भूतवाड्यात आज आता रांगेत हाईत तेवढीच माणसं जाणार. बाकीच्यांचं तिकीट उद्या चालंल, न्हाईतर पैसे परत. बारकी पोरं संगं असल्यात त्यांनी आधी हिकडं हिरवळीवर या. वेताळ हितंच येणार हाय.”

व्यवस्थापनातल्या एकाने नंतर या घोषणेवर आक्षेप घेतला. पैसे परत देण्याचं परस्पर कबूल करायला नको होतं, असं त्यांचं म्हणणं. मी याच्याशी अजिबात सहमत नाही. आत जायला मिळेल या आशेवर माणूस रेटत राहतो. मिळणार नाही हे प्रामाणिकपणे कळलं की तो वळतो. पादचारी आणि गर्दी यांच्यावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी गर्दीतल्या दुर्घटनांची मुळं चार गोष्टींत पाहिली : गर्दीचं बळ, माहिती, जागा आणि वेळ. जागा त्या क्षणी वाढवता येत नव्हती आणि वेळ हातातून गेलेली होती. उरली होती माहिती, आणि तिच्यातूनच बळ कमी झालं. त्या घोषणेने वाचवलेल्या गोष्टीपुढे परताव्याची रक्कम मोजायला बसणं मला अशोभनीय वाटतं.

बाकीची कामं पाच मिनिटांत झाली. खविसाचं मशीन बंद करून बाहेर पडणाऱ्यांना जनरेटरच्या बाजूच्या सेवारस्त्याने काढलं. भजीवाल्या काकींनी कुणी सांगायची वाट न बघता स्वतःच टेबल आत ओढलं, मग शेजारच्यांनीही ओढली. दार उघडलं. साडेआठला रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. दोघींना भोवळ आली होती, त्यांना पाणी देऊन मोकळ्या हवेत बसवलं.

दुसरी रात्र

शनिवारी गर्दी जास्त येणार हे उघड होतं. दुपारी मास्तर, सुभेदार, तिकीट खिडकीचे व्यवस्थापक आणि ती स्टुलावरची स्वयंसेविका अशा चौघांना एका टेबलावर बसवलं. मी फक्त कागद पुढे केला : भूतवाडा संध्याकाळी सहाला उघडून चार तासांत बाराशे ऐंशी. याच्यापलीकडे एकही भूतवाड्याचं तिकीट नाही. मनगटपट्टीवर अर्ध्या तासाची वेळ लिहायची आणि त्या वेळेलाच रांगेत घ्यायचं.

खरा प्रश्न पट्टी न मिळालेल्यांचा होता. इथे मला नवरात्रातली अंबाबाईची रांग आठवली. तासन्‌तास लोक शांतपणे उभे असतात, कारण रांग सरकते, मध्ये कुणी घुसत नाही, आणि ज्याला तेवढा वेळ नाही त्याला मुखदर्शनाची वेगळी वाट आहे. सगळ्यांना एकाच दारात आणायचं नसतं. म्हणून ‘वेताळाचा दरबार’ तोडून वीस-वीस मिनिटांचे तीन छोटे खेळ केले, वेगवेगळ्या वेळी आणि हिरवळीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. मास्तरांना हे जड गेलं. त्यांच्या खेळाला एक चढ होता आणि शेवटच्या कडकडाटासाठी सगळी उभारणी होती. तो शेवट काढायला सांगणं म्हणजे काय, हे नाटक केलेल्या माणसालाच कळेल. पण बाराशे माणसं एका क्षणी उठवणारा शेवट त्या रस्त्याला झेपत नव्हता. शेवटी त्यांनीच मार्ग काढला : प्रत्येक खेळ संपताना हलगी एका बाजूला जाते आणि मुंजा दुसऱ्या बाजूला. प्रेक्षक आपोआप दोन वाटांना लागतात, आणि त्यातली एकही भूतवाड्याकडे जात नाही.

रांगेत चकवा आला. वाट चुकवणारं हे भूत शुक्रवारी भूतवाड्याच्या आत एका अंधाऱ्या वळणावर वाया जात होतं. अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली मांडलेली गोष्ट रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला पटते : रिकामा गेलेला वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. चकवा लोकांना खोट्या वाटा सांगायचा, कोडी घालायचा, “मामा, तुम्ही मघाशी हितनंच गेलासा की” म्हणून गोंधळवायचा. त्याला एकच सक्त नियम होता : बॅरिकेडच्या बाहेरून चालायचं, रांगेच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि एका जागी थांबायचं नाही. थांबला की घोळका होतो.

बाकी कलाकारांचे नियमही लिहून काढले. अंगाला हात लावायचा नाही. घाबरवायचं ते मागून किंवा बाजूने, म्हणजे माणूस पुढे पळतो. समोरून घाबरवलं तर तो मागच्या गटावर जातो. पाऊण तास काम, पंधरा मिनिटं विश्रांती, कारण मुखवट्याच्या आत घामाने माणूस बेजार होतो आणि थकलेला नट चुकतो. ज्याला घाबरायचं नाही त्याने शर्टाला झेंडूचं फूल लावायचं. फुलांची टोपली दारातच ठेवली. लहान मुलांसाठी म्हणून केलेली ही सोय कितीतरी मोठ्या माणसांनीही घेतली.

ओळखीची किंकाळी

एका गोष्टीवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला. भूतवाड्यात संध्याकाळभर “वाचवा, वाचवा” ऐकू येत असतं. मग खरंच कुणाला मदत हवी असेल तर ओळखायचं कसं? न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज उद्यानातल्या हॉन्टेड कॅसलला ११ मे १९८४ रोजी आग लागली आणि आठ मुलं गेली. आग हा खेळाचाच भाग असावा, असं आत काहींना वाटलं होतं. राजकोटच्या गेमिंग झोनमधली २५ मे २०२४ ची आग तर अगदी अलीकडची. आणि कोल्हापूरच्या कलाकारांना हे पटवायला आकड्यांची गरजच नव्हती. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना पाहिलेली माणसं त्यांच्यात होती.

म्हणून किंचाळताना कुणाच्या तोंडी येणार नाही असा संकेतशब्द ठरवला : “दूध कट्टा”. तो वॉकी-टॉकीवर आला की एका बटणाने आतला आवाज बंद आणि सगळे दिवे चालू. प्रत्येक कलाकाराने मुखवटा काढायचा, आपल्या जवळचं दार उघडायचं आणि गटाला हाताने वाट दाखवायची. मुखवटा काढणं महत्त्वाचं आहे. खविसाने सांगितलेलं कुणी ऐकत नाही, माणसाचा चेहरा दिसला की ऐकतात. पाच वाजता दोनदा सराव घेतला. पहिल्या खेपेला मधलं एक दार मांडवाच्या कापडामागे झाकलं गेल्याचं दिसलं. ते कापड तिथल्या तिथे कापलं.

शनिवारी एकदाच “दूध कट्टा” म्हटलं गेलं, एका मुलीला दम लागल्यामुळे. दिवे लागले, तिला बाजूच्या दाराने बाहेर आणलं आणि खेळ काही मिनिटांत पुन्हा सुरू झाला. आतल्या लोकांनी तक्रार केली नाही. त्या गटाला पुन्हा एकदा सोडलं.

अजून न सुटलेलं

रात्री दहाचा प्रश्न दोन्ही रात्री तसाच राहिला. लाउडस्पीकर बंद झाला की सगळे एकदम पार्किंगकडे जातात आणि गाड्या महामार्गाच्या सेवारस्त्यावर एका तोंडाने बाहेर पडतात. अंधार, दुचाकीवर चौघं, पेंगलेली मुलं. शुक्रवारच्या अर्ध्या तासाइतकीच मला याची काळजी वाटते, कारण इथे रेटा वाहनांचा आहे.

माझा प्रस्ताव असा आहे की दहानंतर पाऊण तास उद्यानात काहीतरी शांत चालू ठेवावं, म्हणजे लोक एकदम न निघता थोडे थोडे निघतील. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. पडद्यामागे दिवा, पडद्यावर सावल्या, आणि सांगणाऱ्याचा आवाज लाउडस्पीकरशिवाय हिरवळीच्या एका कोपऱ्यात पुरतो. मास्तरांना कल्पना आवडली आहे. सुभेदारांची अट एकच : बाहुल्यांचा पडदा पार्किंगच्या वाटेवर नको, तिच्यापासून लांबच्या टोकाला हवा, आणि स्टॉल त्याच टोकाला उघडे राहावेत. व्यवस्थापनाने जादा पाऊण तासाच्या वीज आणि माणसांच्या खर्चाचा अंदाज मागितला आहे, तो तयार करून दिला आहे. पार्किंगचं दुसरं तोंड उघडण्यासाठी शेजारच्या शेतमालकांशी बोलणी ऊस तुटल्यानंतर होतील.